चर्चगेटचं चर्च आणि दगडावरचा शब्द

मंडळी, सुट्टीत मुंबईला गेलो की ग्रँट रोड आणि चर्चगेट ही नावं आपण दिवसातून दहादा घेतो. बहरीनमध्ये वाढणारी आपली मुलं विचारतात, हा ग्रँट कोण? चर्चगेटला चर्च कुठे आहे? यंदा या सदरात त्याचंच उत्तर.

मोठ्या माणसांना चर्चच्या आतच पुरायची युरोपात जुनी रीत. प्रॉटेस्टंट पंथाचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांची कबर जर्मनीत विटेनबर्गच्या चर्चमध्येच आहे. इंग्रजांनी ही रीत आपल्याकडेही आणली.

सर रॉबर्ट ग्रँट १८३५ ते १८३८ मुंबईचे गव्हर्नर होते. दापोडीला त्यांचं निधन झालं आणि पुण्यात कॅम्पातल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्यांना पुरलं. मुंबईत डॉक्टर घडवणारं कॉलेज हवं, ही त्यांची धडपड. १८४५ मध्ये ते सुरू झालं, ते ग्रँट मेडिकल कॉलेज. कबर पाहायला फारसं कुणी जात नाही, पण कॉलेजातून अजून डॉक्टर बाहेर पडतात.

आता चर्चगेट. मुंबईच्या किल्ल्याचा जो दरवाजा चर्चकडे नेई, तो चर्चगेट. तट आणि दरवाजे १८६०च्या दशकात पाडले, नाव उरलं. ते चर्च म्हणजे हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८च्या नाताळात उघडलेलं. तिथे गव्हर्नर जोनाथन डंकन चिरविश्रांती घेत आहेत.

डंकन सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आले आणि १८११ मध्ये मुंबईतच वारले. मधल्या एकोणचाळीस वर्षांत ते मायदेशी परतलेच नाहीत. बनारसला असताना त्यांनी १७९१ मध्ये संस्कृत पाठशाळा काढली. आपल्या आखाताशीही त्यांचा संबंध आहे. ते मुंबईचे गव्हर्नर असतानाच, १७९८ मध्ये, मस्कतच्या सुलतानाशी इंग्रजांचा पहिला करार झाला.

पण त्यांच्या स्मारकावर गौरव आहे तो वेगळ्याच कामाचा. बनारस आणि काठेवाडमधली बालहत्या बंद केली, असं तिथे कोरलं आहे. काही राजपूत घराण्यांत मुलगी जन्मली की तिला मारत. असं करणार नाही, असं डंकन यांनी बनारसकडे त्या घराण्यांकडून लिहून घेतलं. पुढे मुंबईचे गव्हर्नर झाल्यावर काठेवाडातही तेच घडवलं.

काम मोठं, यात शंकाच नाही. पण ‘बंद केली’ हा शब्द दगडाने फार लवकर उच्चारला. लेखी वचनं देऊनही चाल सुरूच राहिली आणि १८७० मध्ये सरकारला खास कायदा करावा लागला. पुढे मारायची वेळ जन्माआधी आली, हत्यार बदललं. डंकन गेल्यानंतर १७७ वर्षांनी, १९८८ मध्ये, गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला राज्य कायदा करावा लागला तो आपल्याच महाराष्ट्राला.

तेव्हा पुढच्या सुट्टीत चर्चगेटला उतरलात तर मुलांना घेऊन दहा-पंधरा मिनिटं चाला आणि तो दगड दाखवा. लेकींना तर जरूर दाखवा. डंकन यांचं कौतुक करा आणि हेही सांगा, की त्यावरचं वाक्य खरं करायचं काम अजून आपल्या प्रत्येक घराकडे आहे.

शुभ दीपावली!