जाम झालेले यंत्र आणि आपली घाई



२०२० च्या अब्राहम करारानंतर इस्रायलमधील माणसास दुबईचा मार्ग मोकळा झाला आणि पुढे एका हिवाळ्यात मलाही भाच्याकडे काही आठवडे राहण्याचा योग आला. त्याचे घर रास अल खोरजवळ आहे. या नावाचा अर्थ खाडीचे टोक. एका अंगास रोहित पक्ष्यांचे अभयारण्य, दुसऱ्या अंगास गॅरेजे आणि जुन्या मोटारींचा बाजार. ज्या खाऱ्या दलदलीवर ते पक्षी उतरतात, तिचीच दमट हवा लोखंड खाते. कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको.

भाच्याने हौसेने १९७९ सालची मर्सिडीज २४० डी घेतली होती. इस्रायलमध्ये टॅक्सी म्हणून एके काळी हीच गाडी धावत असे. अनेक वर्षे उभी राहिल्याने तिचे इंजिन जाम झाले होते. एका गॅरेजात नेली, तो तेथील कारागिराने पान्याला लांब नळी लावून जोर केला आणि एक बोल्ट मुळाशी तुटला. मग सल्ला मिळाला, ‘इंजिनच बदला, दोन दिवसांत गाडी देतो.’

त्या कारागिरास मी दोष देत नाही. तो आपले तास विकतो, आणि जुन्या यंत्रास हवी असते ती वाट पाहणे, जी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणूनच माझे स्पष्ट मत असे की, हे काम घरच्या अंगणातच व्हावे. मूळ इंजिन एकदा भंगारात गेले, म्हणजे पैसे मोजूनही ते परत येत नाही.

गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्यामुळे तो आट्यांत पाचरीसारखा बसतो. त्यावर जोर केला तर बोल्टच पिळवटतो. गंज सोडवणारे तेल सकाळ-संध्याकाळ द्यावे, हातोडीने हलके ठोके मारावेत, आणि बोल्ट किंचित हलताच थोडा मागे, थोडा पुढे फिरवावा. तरीही न सुटल्यास बोल्ट नव्हे, नट तापवावा, म्हणजे तो प्रसरण पावतो. गरम असतानाच मेणबत्तीचे मेण लावले तर ते आट्यांत ओढले जाते. मात्र इंधनाच्या नळीजवळ किंवा तेलाने ओल्या भागावर ज्योत नेऊ नये.

येथे एक गंमत सांगतो. शनिवार तेल्यांची आपण लेकरे, म्हणून भाचेसुनेने स्वयंपाकघरातील तिळाचे तेल पुढे केले! खाद्यतेल कालांतराने चिकट राळेसारखे होते आणि पकड उलट घट्ट करते. पूर्वजांची क्षमा मागून ते परत केले.

इंजिनासाठी आम्ही इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये अॅसिटोन आणि एटीएफ हे गिअरबॉक्सचे पातळ तेल, निम्मे-निम्मे ओतले. अॅसिटोन चटकन पेट घेते. हे काम उघड्यावरच करावे. स्टार्टरला हात लावला नाही. रोज क्रँकशाफ्टला पाना लावून हाताने हळूच दाब द्यायचा, न हलल्यास परत फिरायचे. नऊ दिवस काहीच घडले नाही. भाचा वैतागला, आणि खरे सांगावयाचे तर मीही. दहाव्या दिवशी पाना बोटभर सरकला.

तेव्हा त्याचा हात लगेच किल्लीकडे गेला. मी अडवला. सिलिंडरमध्ये द्रव साठलेला असताना इंजिन फिरवले तर तो दबत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सारी मेहनत एका क्षणात वाया जाते. इंजेक्टर काढलेलेच ठेवून हाताने पुष्कळ फेरे दिले, खाली झिरपलेल्या मिश्रणासह जुने तेल काढून टाकले आणि नवे भरले.

मी परतलो तेव्हा इंजिन मोकळे फिरत होते. सुरू व्हावयाचे होते. तुटलेला बोल्ट अद्याप तसाच आहे. भाचा त्याला रोज तेल देतो.