शस्त्रक्रियेनंतरचा पाठपुरावा कोणाचा?

बंगळूरुच्या शिवाजीनगरात रसेल मार्केटमध्ये ताज्या भाज्या आणि मासळी मिळते. लगतच्या गल्ल्यांत तळणीचा घमघमाट सुटलेला असतो. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला याच गल्ल्यांतून रोज घरी जायचे असते. जठर लहान केल्याने भूक मंदावते. तरी शरीर गमावलेले वजन परत मिळवू पाहते. स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात गॅस्ट्रिक बायपासनंतर एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन घटले. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. म्हणून थोडे वजन परतताच रुग्णाच्या निर्धाराला दोष देणे अशास्त्रीय आहे. पुरेशी प्रथिने, नियमित व्यायाम, बी-१२ व लोहाची तपासणी यांचा आजन्म पाठपुरावा हा उपचारच होय. रुग्णालयांनी त्याची तरतूद शस्त्रक्रियेच्या खर्चातच करावी.