कारखाना विकला, कामगार कुठे गेले?


निवडणूक आली की प्रत्येक पुढारी जोयड्यात येऊन "उद्योग आणतो, पोरांना नोकऱ्या देतो" म्हणतो. टाळ्या वाजवण्यापूर्वी पुण्याजवळच्या तळेगावकडे पाहा.

जनरल मोटर्सने तिथे २००८ मध्ये मोटारींचा कारखाना सुरू केला. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथले उत्पादनही बंद केले. एका चिनी कंपनीशी ठरलेला सौदा फिसकटला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने करार केला, तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. हजाराहून अधिक कामगार त्या यादीत नव्हते! त्यांच्या वाट्याला कोर्टकचेरी आणि उपोषण आले.

बँकेत खर्डेघाशी करणाऱ्या मला एवढे कळते की, ताळेबंदात यंत्राला किंमत असते, घसाराही असतो. माणसाच्या बारा वर्षांच्या नोकरीला मात्र रकाना नसतो.

सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आता सगळे आबादीआबाद, असे सांगतात. गिऱ्हाईकाचे असेल. (कर्जाचे हप्ते चुकले आहेत थोडेच!) कंत्राटावर गाडी जोडणाऱ्या पोराचे काय?

सुपा धरणात आपले तालुक्याचे गावच बुडाले. दुसऱ्यांच्या विकासाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. उद्योग जरूर यावा. पण कारखाना विकला तर कामगारही नव्या मालकाकडे जातील, ही अट जमीन देतानाच करारात हवी. हे लेखी न देणाऱ्या उमेदवाराला दारातूनच परत पाठवा.