मोटारीचे दुखणे कोणत्या भाषेत सांगावे?

नांदेडच्या देगलूर नाक्यावर पंक्चर काढणारा पोरगा 'साहेब, स्टेपनी काढा' असे म्हणतो, तेव्हा तो वेल्समधल्या एका रस्त्याचे नाव घेत असतो. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही; मराठीच्या प्राध्यापकांनाही ते बहुधा ठाऊक नसते. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्यांच्यासोबत जादा चाक मिळत नसे. पंक्चर झाले की रस्त्याकडेला बसून टायर उतरवायचे आणि ट्यूब सांधायची, एवढाच मार्ग होता. लानेली या वेल्श गावात टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ साली पंक्चर झालेल्या चाकालाच बांधता येईल असे जादा चाक तयार केले. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्या चाकाचे नाव स्टेपनी पडले. ब्रिटनमध्ये हा शब्द आता जुन्या मोटारींच्या हौशी मंडळींखेरीज फारसा कोणी वापरत नाही. आपल्याकडे मात्र तो इतका रुजला की वेळेला कामी येणाऱ्या जादा माणसालाही आपण स्टेपनी म्हणतो. 'डिकी'चेही तेच. इंग्रजांच्या गाडीत मागच्या बाजूला नोकरासाठी किंवा जादा उतारूसाठी उघडणारी बैठक म्हणजे डिकी. आपण त्या जागी सामान कोंबले आणि नाव तेच ठेवले. 'मिस्त्री' पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'वरून आला, 'चावी'ही त्यांचीच. 'उस्ताद', 'कारागीर', 'दुरुस्ती' हे फारसीतून आले. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या भागात हे शब्द घरचेच होते.

भाषाशुद्धीवाल्यांना यात चिंतेचे कारण दिसेल. आम्हाला दिसत नाही. गॅरेजच्या मराठीत नामे परकी आहेत हे खरे. पण जरा क्रियापदांकडे पाहावे. गाडी तेल पिते. गाडी धूर ओकते. चढावर ओढत नाही. सेल्फ उचलत नाही. डिझेलची गाडी एअर धरते. टायर घासून खाते. इंजिन तापते, बसते, आणि शेवटी त्याचे 'काम निघते'. मग ते उतरवावे लागते आणि पुन्हा बांधावे लागते. ही सगळी क्रियापदे बैलाची आहेत किंवा आजारी माणसाची. पिणे, ओकणे, ओढणे, बसणे, धरणे, खाणे. मोटार आपल्याकडे आली तेव्हा तिच्या भागांची नावे घेऊन आली. तिचे दुखणे मात्र गोठ्यातल्या मराठीत सांगितले गेले. बैलगाडीच्या आखाला, आऱ्यांना, धावेला ज्या समाजाने स्वतःची नावे दिली, वंगणाच्या नळ्यालासुद्धा 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' म्हणत म्हणीत जागा दिली, त्या समाजाने मोटारीच्या बाबतीत निदान क्रियापद हातचे सोडले नाही. भाषिक सत्ता नामांत असते की क्रियापदांत, हा प्रश्न एम. ए.च्या वर्गात विचारण्याजोगा आहे. तो कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या भाषेचा उपयोग केवळ गमतीचा नव्हता. ती मालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री या तिघांची सामाईक होती. ॲम्बॅसडर आणि फियाटच्या जमान्यात मे महिन्याच्या दुपारी गाडी बंद पडली की ड्रायव्हर बोनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर ओले फडके टाकी. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागे आणि इंजिनाला पेट्रोल पोचत नसे. हे पदार्थविज्ञान त्याने पुस्तकात वाचलेले नसे. पण 'पंप तापला, वाफ धरली' एवढे तो सांगू शके आणि ऐकणाऱ्याला ते कळे. काळ्या-पिवळ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसलेल्या उतारूंनाही 'एअर धरली' म्हणजे काय हे कळत असे. डिझेल संपत आले की नळीत हवा शिरते; मग स्क्रू ढिला करून, हातपंप मारून ती काढावी लागते. गाडी रस्त्याकडेला थांबे आणि चार जण खाली उतरून सल्ले देत. त्यांतले दोन सल्ले बरोबर असत.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत आजही जनावर घेणारा माणूस आधी दात पाहतो, मग चालवून पाहतो, मग खोडी विचारतो. त्याच माणसाने जुनी मोटार घ्यायला जाताना पूर्वी हीच रीत पाळली: सायलेन्सरमागे हात धरायचा, धुराचा रंग पाहायचा, ऑइलची पट्टी काढून बोटाने चोळायची. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते, काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही, पांढरा निघतच राहिला तर पाणी आत शिरते. वाचता न येणाऱ्या माणसालाही हा धूर वाचता येत असे.

यात गतकाळाचे गोडवे गाण्याचा हेतू नाही. ती वाहने फार बंद पडत. प्लग साफ करण्यात आणि पॉइंट घासण्यात लोकांच्या सुट्या गेल्या. मिस्त्रीही काही साधुसंत नव्हते. नकली पार्ट बसवून असलीचे पैसे घेणारे तेव्हाही होते. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक होऊ लागले, नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेला, इंधनाचे माप संगणक ठरवू लागला आणि मोटारी पुष्कळच विश्वासू झाल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानक लागू झाले. हवेसाठी ते हवेच होते. आमची तक्रार यंत्राबद्दल नाही. तक्रार अशी की यंत्राचे दुखणे सांगण्याची भाषा या काळात आपल्या हातून निसटली आणि त्याची नोंद ना ग्राहकाने घेतली, ना भाषेच्या अभ्यासकाने.

आता गाडी स्वतःच आपले दुखणे सांगते, पण संकेतांकात. डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. यंत्र जोडले की पडद्यावर 'पी ०३००' उमटते. त्याचा अर्थ एवढाच, की एखाद्या ठरावीक नव्हे तर वेगवेगळ्या सिलिंडरांत इंधन नीट पेटत नाही. म्हणजे उस्ताद कान देऊन ज्याला 'मिसिंग' म्हणत असे, तेच. पण संकेतांक लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. प्लग गेला, कॉइल गेली, इंजेक्टर चोंदला, पेट्रोलमध्ये पाणी आले, की उंदराने वायर कुरतडली? (आमच्या भागात हे शेवटचे कारण मुळीच दुर्मीळ नाही, बोनेटखाली तंबाखूची पाने ठेवलेल्या महागड्या गाड्या लातुरातही दिसतात.) घोडे कुठे पेंड खाते हे शोधायला माणूसच लागतो. तो माणूस नसला, किंवा त्याला शोधायला वेळ नसला, की पार्ट बदलत जाणे हाच उपचार ठरतो. दुखणे हल्याला आणि डाग पखालीला, ही म्हण आपल्या पूर्वजांनी पाणक्याच्या रेड्याकडे पाहून केली. आज ती सर्व्हिस सेंटरच्या बिलाखाली छापावी.

आमच्या एका सहकाऱ्यांनी नांदेडमध्ये डिझेलची नवी गाडी घेतली. घर ते महाविद्यालय तीन किलोमीटर. काही महिन्यांत दिवा लागला. बीएस-६च्या डिझेल गाडीत धुरातली काजळी अडवणारी एक जाळी असते. साठलेली काजळी जाळून टाकायची तर धूर बराच वेळ चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर वेगाने पंधरा-वीस मिनिटे तरी पळवावी लागते. तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही. ही गोष्ट विकताना त्यांना कोणी सांगितली नाही. सर्व्हिस सेंटरने आधी सेन्सर बदलला, मग यंत्र लावून काजळी जाळली, आणि इंग्रजी आद्याक्षरांच्या पाच ओळींचे बिल हातात ठेवले. त्या पाच ओळींपैकी एकही त्यांना समजली नाही, आणि ते भाषेचे प्राध्यापक आहेत. नंतर नाक्यावरच्या एका गॅरेजमधला पोऱ्या हसून म्हणाला, 'सर, गाडीचा घसा कोंडला होता. आठवड्यातून एकदा लोह्यापर्यंत पळवत जा.' तुळजापूर, लातूर, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग लोह्यावरूनच जातो. औषध फुकटचे होते आणि एका वाक्यात मावत होते.

सर्व्हिस सेंटरमधले सगळेच लबाड असतात असे कोणी यातून समजू नये. तिथला तरुणही बहुधा इथल्याच आयटीआयमधून शिकून आलेला असतो आणि घरी मराठीच बोलतो. पण काउंटरवर उभा राहिला की त्याला पडद्यावरचे शब्दच उच्चारायचे असतात. ग्राहक मान डोलावतो, कारण 'समजले नाही' म्हणण्याची लाज वाटते. शिकलेल्या माणसाला ती अधिक वाटते. शेतकरी निदान 'म्हंजी काय झालं?' असे विचारतो तरी.

यामागे केवळ संकोच नाही, बाजारही आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २५४४.६४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न देणे आणि तपासणीची यंत्रे व माहितीपुस्तिका स्वतंत्र गॅरेजवाल्यांना न देणे, हा त्यातला ठपक्याचा गाभा होता. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. आम्हाला या साऱ्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते: माहितीपुस्तिका देणे-न देणे हा भांडणाचा विषय होऊ शकतो, इतकी ती किमती वस्तू आहे. म्हणजे शब्द हाही सुटा भागच.

ज्यांच्याकडून स्टेपनी आली त्या ब्रिटनमधले मोटारमालक गॅरेजवाल्यांच्या नावाने कमी बोटे मोडत नाहीत. पण त्यांच्या हातात दोन गोष्टी आहेत. जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये एका मोटारीची दुरुस्ती-पुस्तिका काढली. गाडी प्रत्यक्ष उलगडायची, पुन्हा जोडायची आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र व साध्या इंग्रजीतले वर्णन द्यायचे, ही त्या पुस्तिकांची रीत. शाळामास्तर आणि कारकून त्या वाचून रविवारी आपली गाडी दुरुस्त करीत. दुसरी गोष्ट वाहनांची वार्षिक सक्तीची तपासणी. ती १९६० मध्ये सुरू झाली. गाडी नापास झाली तर कशामुळे, हे मालकाला लेखी मिळते. आणि क्रमांक टाकला की कोणत्याही गाडीच्या जुन्या तपासण्यांचा इतिहास घरबसल्या वाचता येतो. आमच्याकडे एमएच २६ किंवा एमएच २४ ची जुनी गाडी घेणाऱ्याला असा इतिहास मिळत नाही. त्याने माळेगावची नजर वापरावी म्हटले, तर बीएस-६च्या सायलेन्सरमधून वाचण्याजोगा धूरच निघत नाही.

मराठीत मोटारदुरुस्तीचे शब्द नाहीत म्हणून हे होते, हा युक्तिवाद खोटा आहे. दट्ट्या, झडप, तरफ हे उत्तम शब्द आहेत. मराठी विश्वकोशाने अंतर्ज्वलन एंजिनावर नोंद लिहिली आणि भाषा संचालनालयाने यंत्र अभियांत्रिकीचा परिभाषा कोशही काढला. ही कामे मोठीच आहेत. उणीव अशी की गॅरेजातल्या ओट्यावर बसून 'काम निघणे', 'एअर धरणे', 'मिसिंग करणे', 'इंजिन बांधणे' यांची नोंद करावी असे त्या वेळी विद्वानांना वाटले नाही. यात जातीचा आणि धर्माचा प्रश्नही आहे, तो टाळून चालणार नाही. नांदेड-लातुरातले कितीतरी उस्ताद मुसलमान आहेत, दखनी बोलतात, आणि 'प्लग काला पड़ रा, हौ' असे म्हणत निदान करतात. त्यांचे ज्ञान तोंडी, त्यांची भाषा मिश्र, त्यांचे हात काळे. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिताना अलुतेदार-बलुतेदारांची तपशीलवार नोंद केली. त्यांच्या मतांशी कोणाचे पटो वा न पटो, आज ती नोंद उपयोगी पडते. मोटारीच्या बलुतेदारांना तसा नोंद करणारा भेटलेला नाही, आणि कान देऊन निदान करणारी पिढी आता साठीच्या पुढे आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. आमच्या विभागांत त्यानंतर व्याख्याने झाली, फलक लागले. या उत्साहातून एखादा विद्यार्थी देगलूर नाक्यावर आणि लातूरच्या एमआयडीसीत ध्वनिमुद्रक घेऊन पाठवायला काय हरकत आहे? एकाच कवीवर नववा लघुप्रबंध लिहून घेण्यापेक्षा ते काम अवघड आहे, हे कबूल. मार्गदर्शकालाही तेलकट बाकावर बसावे लागेल. आणि ग्राहक म्हणून एवढे तरी मागता येईल: दुरुस्तीचा अंदाज कामाआधी लेखी आणि मराठीत, कोणते लक्षण होते आणि कोणता पार्ट का बदलला याचे एकेक वाक्य, आणि काढलेला जुना पार्ट परत. नाक्यावरचे गॅरेजवाले ही शेवटची गोष्ट न मागता करतात. काढलेला प्लग वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून मालकाच्या हातावर ठेवतात आणि कुठे जळला आहे ते बोटाने दाखवतात.