माशा मारण्याची कला

आमचे मेव्हणे सप्टेंबरात कुलूकडे गेले आणि तीर्थन नदीत ट्राउट धरून आले. धरून आले म्हणजे, सोडून आले! गळाला कोंबड्याची पिसं बांधून केलेली खोटी माशी पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसला की ओढायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात. आमच्या मैंदर्गीत याला दिवसभर माशा मारणं म्हणतात.

माझा आक्षेप मासे धरण्याला नाही. बोरी नदीच्या काठी गांडूळ लावून बसलेलं पोरगं मासा घरी नेतं, कालवण होतं, प्रकरण मिटतं. पण पोटात भूक नसताना एखाद्याच्या ओठात आकडा रुतवायचा आणि वर ‘जीवदान दिलं’ म्हणायचं? उद्या पाकीटमार पाकीट परत देऊन सत्कार मागेल!

"दाजी, ट्राउट खानदानी मासा आहे," मेव्हणे म्हणाले.

कसला खानदानी! साहेबानं 1900 च्या सुमाराला विलायतेहून अंडी आणवून काश्मिरात वाढवलेला हा पाहुणा. आमच्या उजनीतली चिलापीही मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आलेली. पण ट्राउटसाठी परवाना काढायचा आणि चिलापी म्हटलं की नाक मुरडायचं! बिचारी सोलापूरच्या उन्हात टिकून तरी राहते. ट्राउट इथल्या पाण्यात आपोआप शिजेल.

रात्री हिनं चिलापीच तळली. मेव्हण्यांनी चार तुकड्या उडवल्या.

"फोटो काढून परत सोडायची नाही का?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही. त्यांच्या तोंडात काटा अडकला होता.