भांडी घासणाऱ्या यंत्राच्या तक्रारी

हातांना भेगा पडलेल्या, नखांच्या कडा सुजलेल्या आणि बोटांच्या बेचक्यांतील कातडी पांढरट होऊन सोललेल्या स्त्रिया माझ्या दवाखान्यात वर्षभर येत असतात. त्यांत घरच्या गृहिणी असतात, तशा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशीही असतात. मलम द्यावे, रात्री हातांना खोबरेल चोळायला सांगावे, पण हात दिवसातून पाच वेळा साबणाच्या पाण्यात जाणारच असतील, तर त्या मलमाने किती टिकावे? म्हणून ज्यांना परवडते त्यांना मी डिशवॉशर घेण्याचा सल्ला देते. 2020 च्या टाळेबंदीत मावशी येईनाशा झाल्या, तेव्हापासून पुष्कळांनी तो घेतलाही. आता हात बरे झालेली तीच मंडळी यंत्राच्या तक्रारी घेऊन माझ्याकडेच येतात. कारागीर आठवडाभराने येणार असतो आणि सल्ला मी दिलेला असतो. या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक घरच्या घरी मिटण्यासारख्या असतात, आणि काही थोड्या अशा असतात की त्यांचा थेट संबंध जिवाशी पोहोचतो. दोन्हींविषयी आज लिहिते.

सर्वांत अधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे भांड्यांवर पांढरा थर बसतो. माझा दवाखाना सांगलीत आणि मूळ घर साताऱ्यात. त्यामुळे या एका तक्रारीच्या दोन तऱ्हा मला जवळून पाहावयास मिळाल्या. साताऱ्याच्या ज्या भागात कास तलावाचे पाणी येते, ते पठारावर पडलेल्या पावसाचे, जांभ्या दगडावरून आलेले पाणी. त्यात चुन्याचा अंश थोडा. सांगली, मिरज, तासगाव या बाजूस काळ्या जमिनीतील बोअरचे पाणी अनेक वसाहतींत वापरात आहे. ते जड, साबणाला फेस न येऊ देणारे. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जितके अधिक, तितके पाणी जड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा एकूण जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. पिणाऱ्याच्या प्रकृतीला 500 चे पाणी सहसा बाधत नाही. यंत्राला मात्र ते लवकर बाधते.

म्हणूनच यंत्राच्या तळाशी मिठाची एक टाकी असते. तिथे मीठ घालायचे म्हटले की रक्तदाबाचे रुग्ण हमखास दचकतात. त्यांनी निर्धास्त असावे. ते मीठ भांड्यांवर फिरत नाही. यंत्रातील राळेचे बारीक मणी पाण्यातील चुना धरून ठेवतात. मणी चुन्याने भरले की मिठाचे पाणी त्यांच्यावरून जाऊन तो चुना धुऊन काढते आणि थेट मोरीत जाते. टाकीत मीठ संपले की मण्यांचे काम थांबते आणि चुना भांड्यांवर येऊन बसतो. तिथे नेहमीचे बारीक आयोडिनयुक्त मीठ घालू नये, त्याचा गठ्ठा होतो. बाजारातील खडे मीठही नको, कारण त्यात माती आणि पुन्हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचेच क्षार असतात. डिशवॉशरसाठीचे म्हणून जे शुद्ध जाड मीठ मिळते तेच घालावे. आणि त्या टाकीत चुकून साबणाची पूड ओतली गेली, तर यंत्र सुरू न करता कारागिराला बोलवावे. त्या पुडीने राळ कायमची खराब होते.

मीठ भरलेले असूनही थर येतो, असे कोणी म्हणाले की मी विचारते, पाण्याचा जडपणा यंत्रात नोंदवला आहे का? यंत्र घेतल्या दिवशी ही नोंद करायची असते आणि बहुतेक घरांत ती राहून जाते. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकणारा मनुष्य पेनासारखे उपकरण पाण्यात बुडवून जो आकडा दाखवतो, तो विरघळलेल्या सर्व पदार्थांचा असतो, जडपणाचा नव्हे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून ‘एकूण जडपणा’ एवढे एकच मोजून घ्यावे. यंत्रांच्या पुस्तिकांत तो बहुधा जर्मन अंशांत दिलेला असतो. प्रयोगशाळेच्या आकड्याला 17.8 ने भागावे. म्हणजे 300 मिलिग्रॅम आले असतील तर साधारण 17 अंश. तेवढी नोंद केली की अनेक घरांतील तक्रार आठवड्यात नाहीशी होते.

साताऱ्यातील तऱ्हा याच्या उलट. तिथे पाणी मुळात मऊ, आणि सांगलीच्या नातेवाइकांनी सांगितले म्हणून यंत्र सर्वांत जड पाण्यावर लावून ठेवलेले. मग काचेचे पेले दुधाळ दिसू लागतात. पेल्यावर लिंबाची फोड चोळून पाहावी. डाग गेला तर तो चुना. गेला नाही, तर काचच झिजली आहे, आणि ती पूर्ववत होत नाही. अशा वेळी जडपणाची नोंद खाली आणावी, साबण कमी करावा आणि धुण्याचे तापमान उतरवावे.

भांडी तेलकट राहतात, भाताची शिते चिकटलेली निघतात, ही दुसरी तक्रार. तिचे मूळ बहुधा आपल्या भांड्यांच्या आकारांत आहे. अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी 1886 मध्ये ज्या यंत्राचे पेटंट मिळवले, ते चिनी मातीच्या बशा डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले होते. आमटीच्या वाट्या, तांबे, पातेली आणि कुकरचे डबे त्यांच्या कल्पनेत असण्याचे कारण नव्हते. वाट्या एकीत एक घालून ठेवल्या तर आतली वाटी कोरडीच राहते. मोठी कढई खालच्या खणात आडवी टाकली की पाणी फवारणारा पंखा तिला अडून थांबतो आणि वरचा खण उपाशी राहतो. दार लावण्यापूर्वी दोन्ही पंखे हाताने एकेकदा फिरवून पाहावेत. त्यांच्या छिद्रांत मोहरी किंवा लिंबाची बी अडकली असेल तर ती टूथपिकने काढावी. कुकरच्या झाकणातील रबर आणि शिट्टी आधी वेगळी करावी, आणि झाकण पुन्हा वापरताना वाफेच्या नळीतून पलीकडचा उजेड दिसतो ना, हे पाहूनच कुकर चढवावा. ही शेवटची सूचना भांडी हाताने घासणाऱ्यांसाठीही आहे.

लोखंडी तवा, पोळपाट-लाटणे, कल्हईची पितळी भांडी यांना या यंत्रात स्थान नाही. ॲल्युमिनियमची भांडी काळी पडतात, कारण साबणातील तीव्र अल्कली त्यांच्यावरचा संरक्षक थर खाते. प्लास्टिकच्या डब्यावरील हळदीचा पिवळेपणा हा रंग आहे, मळ नव्हे. तो डबा दोन दिवस उन्हात ठेवावा.

तळाशी पाणी साचून राहते तेव्हा पुष्कळांना वाटते की पंप गेला. बहुतेकदा गेलेली असते ती जाळी साफ करण्याची सवय. तळातील गोल जाळी फिरवली की उचलून हातात येते. कढीपत्त्याचे देठ, जिरे, मिरचीच्या बिया असा सगळा फोडणीचा ऐवज तिथे सापडतो. जाळी काढलेल्या खड्ड्यात उघडे बोट घालू नये. फुटलेल्या काचेचा तुकडा तिथेच दडलेला असतो आणि मधुमेही माणसाच्या बोटाला तेवढी जखम पुरते. जाळीच्या खोलगट भागात वाटीभर पाणी राहणे मात्र स्वाभाविक आहे. जाळी स्वच्छ असूनही पाणी जात नसेल, तर मागची नळी कुठे दुमडली आहे का, ते पाहावे.

पाणीच येत नाही, यंत्र सुरू होऊन थांबते आणि पडद्यावर एखादा सांकेतिक आकडा दिसतो, ही बैठ्या घरांतील तक्रार. यंत्राला बहुधा किमान अर्ध्या बारचा दाब लागतो, म्हणजे यंत्रात पाणी शिरते तिथून पाण्याची पातळी सुमारे 5 मीटर उंच असावी लागते. स्लॅबवर थेट ठेवलेल्या टाकीतून तळमजल्यावरील स्वयंपाकघराला तेवढा दाब मिळत नाही. टाकी उंच करावी किंवा लहान दाबपंप बसवावा. यंत्राला दोष देऊन उपयोग नाही. पावसाळ्यात अचानक पाणी बंद झाले, तर नळाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी गाळाने भरलेली असते. तोटी बंद करून नळी सोडवावी आणि जाळी ब्रशने धुवावी.

दार उघडताच दर्प येतो, त्याचे कारण जाळीतील कुजके अन्न आणि दाराभोवतीचे रबर. स्लोव्हेनियातील संशोधकांनी 2011 मध्ये अनेक देशांतील 189 यंत्रांची रबरे तपासली, तेव्हा 62 टक्के यंत्रांत बुरशी आढळली. उष्णता, मीठ आणि साबण पचवून जगणारी ही बुरशी निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाही. पण घरात केमोथेरपी चालू असलेला, अवयव-प्रत्यारोपण झालेला किंवा फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा रुग्ण असेल, तर ते रबर आठवड्यातून एकदा पुसून कोरडे करावे आणि यंत्र थंड झाल्यावर दार थोडे उघडे ठेवावे. महिन्यातून एकदा रिकाम्या यंत्रात सायट्रिक ॲसिड घालून सर्वांत गरम आवर्तन चालवावे.

इथे एक कडक इशारा. वास जावा म्हणून कोणी सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगर यांच्या जोडीला ब्लीचचे पाणी ओततात. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात, दम्याच्या रुग्णाला, तो काही मिनिटांत दवाखान्यात आणतो. असे घडले तर यंत्राजवळ न थांबता आधी बाहेर मोकळ्या हवेत यावे.

लहान मुलांच्या घरांत मला सर्वांत अधिक काळजी वाटते ती साबणाच्या वडीची. ती रंगीत, चकचकीत आणि हुबेहूब गोळीसारखी दिसते. यंत्राचे दार खाली उघडते, म्हणजे रांगत्या मुलाच्या तोंडापाशी. आणि अर्धवट विरघळलेली वडी त्याच दाराच्या कप्प्यात चिकटलेली असते. हा साबण हाताने भांडी घासण्याच्या साबणासारखा सौम्य नाही. तो तोंडाची आणि अन्ननलिकेची आतील त्वचा जाळू शकतो. मुलाने तो चाखला, तर उलटी मुळीच करवू नये; जाळत खाली गेलेला पदार्थ जाळतच वर येतो. लिंबूपाणी किंवा ताक देऊन ‘मारा’ करण्याचाही प्रयत्न करू नये. तोंडातील तुकडे बोटाने काढावेत, ओल्या फडक्याने तोंड पुसावे, मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर घोटभर पाणी द्यावे आणि साबणाचे पाकीट बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे. वाहन नसेल तर 108 ला दूरध्वनी करावा. लाळ गळणे, आवाज घोगरा होणे, गिळताना रडणे ही गंभीर लक्षणे आहेत. तोंडात काही दिसत नसले तरी अन्ननलिका भाजलेली असू शकते, म्हणून ‘बरा दिसतो’ एवढ्यावर थांबू नये. डोळ्यात पूड गेली तर वाहत्या पाण्याने निदान 15 ते 20 मिनिटे डोळा धुवावा, मग निघावे. आणि ही पूड लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कधीही भरून ठेवू नये. सुऱ्या टोक खाली करून लावाव्यात, हे ओघाने आलेच.

यंत्राने मुलांना ॲलर्जी होते का, असेही पालक विचारतात. स्वीडनमधील 1,029 मुलांची 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की हाताने भांडी धुणाऱ्या घरांतील मुलांत ॲलर्जीचे आजार कमी होते. तो संबंध आहे. कारण सिद्ध झालेले नाही. माझ्या मते त्यासाठी यंत्र विकण्याची गरज नाही. भांडी चमकवणारे द्रव, ज्याला रिन्स एड म्हणतात, ते मात्र कमीत कमी ठेवावे. काचेवर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली की ते जास्त होत आहे असे समजून त्याची मात्रा एक टप्पा उतरवावी. बाळाची दुधाची बाटली यंत्रात धुतली तरी नंतर उकळावी. स्वच्छ आणि निर्जंतुक या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता विजेविषयी. यंत्राच्या दाराला हात लावताच झिणझिण्या येतात, असे एका वृद्ध रुग्णाने मला सांधेदुखीच्या तक्रारीत सहज सांगितले होते. हाताच्या नसेचा विकार असावा, अशी त्यांची समजूत. नस ठीक होती, घराचे अर्थिंग तुटलेले होते. साताऱ्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांत हे विशेष पाहावे. ओले हात, ओली फरशी आणि धातूचे यंत्र एकत्र आले की झिणझिण्यांपासून हृदय थांबण्यापर्यंतचे अंतर फार थोडे असते. अशा यंत्राला पुन्हा हात न लावता घराचा मुख्य स्विच बंद करावा आणि परवानाधारक वायरमनला बोलवावे. 30 मिलिॲम्पिअरच्या गळतीला वीज तोडणारे उपकरण बसवून घ्यावे. यंत्राच्या किमतीपुढे त्याचा खर्च किरकोळ आहे.

आणि सांगलीकरांसाठी एवढे आणखी. आयर्विन पुलापाशी कृष्णा 45 फुटांची धोकापातळी ओलांडण्याआधीच नदीकाठच्या घरांनी यंत्राचा प्लग काढून ठेवावा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये ज्यांच्या स्वयंपाकघरात पाणी शिरले, त्यांना ठाऊक आहे की वरून कोरडे झालेले यंत्र आतून कित्येक दिवस ओले असते. बाहेरच्या पत्र्याखालचे आवरण गाळ धरून ठेवते. ते ‘चालते का’ हे पाहण्यासाठी चालू करू नये. कारागिराने उघडून तपासल्यावरच वीज जोडावी, नाहीतर भंगारात द्यावे. तो गाळ काढताना गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत. पायाला जखम असताना त्या पाण्यात उभे राहावे लागले आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे यांपैकी काही झाले, तर डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे. लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यावरूनच येते आणि उपचार पहिल्या दिवसांतच सुरू होणे जरुरीचे असते.