आरोग्याचे पान : खालून घेतलेले औषधही अंगात भिनते

एका भगिनीचे पत्र आले आहे. यजमानांना बरेच दिवस शौचातून रक्त व शेम पडत होती. जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीने तपासल्यावर मोठ्या आतड्याला सूज व जखमा, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस, असे निदान झाले. गुदद्वारातून रोज रात्री घ्यायचा हायड्रोकॉर्टिझोनचा एनिमा ३ आठवडे लिहून दिला. गुण आला. पण पुढे कुणाला न विचारता दुकानातून बाटल्या आणून ४ महिने तो चालूच ठेवला. आता चेहरा गोल सुजल्यासारखा दिसतो, झोप लागत नाही, तहान फार, आणि पायात काटा मोडला ती जखम भरत नाही. बाई विचारतात, "औषध पोटात घेतले नाही, मग हे कशाने? आजपासून बंद करू का?"

ताई, आपल्या मनाने एकदम बंद करू नका, आणि आपल्या मनाने पुढे चालूही ठेवू नका. उद्याच डॉक्टरांकडे जा.

हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड आहे. गोळीपेक्षा एनिमाचे औषध अंगात कमी जाते, म्हणून तर तो देतात. पण सुजलेल्या आतड्यातून त्यातले बरेचसे रक्तात उतरते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी हाच रस रोज शरीरात तयार करतात. बाहेरून आयते मिळू लागले की त्या सुस्तावतात. आयते मिळताना राबणार कोण? मग औषध एकाएकी तोडले तर गळून जाणे, उलट्या, चक्कर, रक्तदाब घसरणे असे होऊन जिवावर बेतू शकते. म्हणून डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. तहान आणि न भरणारी जखम यांसाठी रक्तातली साखर तपासून घ्या. स्टेरॉइडने ती वाढते. रक्तदाबही पाहा. ताप आला, पोट फुगले किंवा फार दुखले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्टेरॉइड आतले दुखणे झाकून ठेवते.

पत्राच्या शेवटची ओळ वाचून मला जास्त काळजी वाटली. उरलेल्या बाटल्या दिरांच्या रक्ती आवेसाठी द्याव्यात का, असे विचारले आहे. मुळीच देऊ नका. आव अमिबाची असेल तर स्टेरॉइडने ती भडकते, आतड्याला भोकसुद्धा पडू शकते. आतड्याचा क्षय असेल तर तोही बळावतो. आधी शौच तपासावे, मग औषध.

मूळव्याधीच्या काही मलमांतही स्टेरॉइड असते. असे मलम सल्ल्याशिवाय आठवड्याहून जास्त लावू नये. कातडी पातळ होऊन चिरते. आणि रक्त पडले म्हणजे मूळव्याधच, असे घरी बसून ठरवू नये.

एनिमा घ्यायची रीत बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही. परसाकडे जाऊन आल्यावर, निजायच्या वेळी, डाव्या कुशीवर झोपून उजवा गुडघा पोटाशी घ्यावा. नळीच्या टोकाला व्हॅसलीन लावून ती हलक्या हाताने आत सारावी, जोर करू नये. औषध सावकाश सोडावे, अर्धा तास त्याच कुशीवर राहावे, आणि निदान तासभर, जमल्यास रात्रभर, आत धरावे. थोडी जळजळ चालते. रक्त वाढले तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

जाताना सगळे कागद आणि रिकामी बाटली बरोबर न्या, ताई. किती बाटल्या झाल्या तो आकडा खरा सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू द्या.